घरगुती बंब व पाणी तापविण्याची साधने : दोष कसे ओळखावेत?

बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशाच्या आग्नेय भागात, वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला आहे. त्याच्या दक्षिणेस गोंदिया व भंडारा हे महाराष्ट्राचे जिल्हे असून लांजी, कटंगी या सीमेलगतच्या भागांत मराठी घराघरांतून बोलली जाते. जिल्ह्याचा सखल भाग धानाच्या शेतीचा, तर उत्तरेकडील बैहरचा भाग सातपुडा-मैकल रांगांतील वनाच्छादित पठाराचा आहे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग याच पठारावर येतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेथील कुरणांवर दहिवर गोठून पांढरे दिसते. अशा थंडीत लहान मुले, वृद्ध, बाळंतिणी व आजारी माणसे यांना स्नानासाठी ऊन पाणी ही चैन नसून गरज असते.

ही गरज भागविण्यासाठी घरोघरी निरनिराळी साधने वापरली जातात. चुलीवरचा हंडा व तांब्याचा बंब ही जुनी साधने होत. त्यांच्या जोडीला विजेचा गीझर, बादलीत बुडविण्याचा रॉड, गॅसचा गीझर व छपरावरील सौर तापक ही नवी साधने आली आहेत. साधन कोणतेही असो, ते नीट काम देईनासे झाले की बहुधा एकच उपाय योजला जातो. लाकूड अधिक घातले जाते, बटण अधिक वेळ चालू ठेवले जाते, अथवा साधनच बदलले जाते. दोष न ओळखता केलेल्या अशा उपायाने इंधन व पैसा वाया जातो आणि कधी कधी माणसाच्या जिवावर बेतते. यास्तव दोष शोधण्याचा एक निश्चित क्रम प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

निरीक्षक कोण?

बालाघाट व गोंदिया हे दोन्ही जिल्हे भातगिरण्यांसाठी प्रसिद्ध आहेत. उकडा तांदूळ तयार करणाऱ्या गिरण्यांत वाफेसाठी बॉयलर लागतो. बंद भांड्यात वाफेचा दाब वाढू दिला तर केवढा अनर्थ होऊ शकतो, हे ओळखून आपल्या देशात 1923 मध्ये भारतीय बॉयलर अधिनियम करण्यात आला. 2025 मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या बॉयलरची नोंदणी करावी लागते व त्याची ठराविक काळाने तपासणी होते. घरच्या बंबाला मात्र असा कोणी निरीक्षक नसतो. तेथे घरातील कर्त्या माणसानेच निरीक्षकाचे काम करावयाचे असते. ते कठीण नाही; त्यासाठी डोळे, कान, हात आणि एक घड्याळ एवढी सामग्री पुरते.

या तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत. प्रथम जीविताला धोका असलेला दोष आहे काय ते पाहावे. त्यानंतर साधन किती इंधनात किती पाणी तापविते याचे मोजमाप करावे. शेवटी उष्णता ज्या मार्गाने पाण्यापर्यंत जाते, तो मार्ग आरंभापासून तपासत जावे. हा क्रम उलटा करू नये.

पहिली पायरी : जीविताचा धोका

धोक्याचे मुख्य प्रकार चार आहेत : विषारी वायू, कोंडलेली वाफ, विजेचा धक्का आणि भाजणे.

लाकूड, कोळसा अथवा गॅस अपुऱ्या हवेत जळला तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नसतो व वासही नसतो. रक्तातील हीमोग्लोबिनला चिकटण्याची त्याची ओढ प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे श्वासोच्छ्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे व गुंगी येणे ही त्याची लक्षणे होत. पुढे शुद्ध हरपते. बंद न्हाणीघरात पेटता बंब अथवा निखाऱ्यांची शेगडी ठेवणे म्हणूनच घातक आहे. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आत बसवू नये. तो बाहेर, मोकळ्या हवेत असावा. ज्योत निळी असणे हे पूर्ण ज्वलनाचे लक्षण आहे. ती पिवळी व धुरकट होऊ लागली तर गीझर त्वरित बंद करून जाणकाराकडून साफ करून घ्यावा. न्हाणीघरात कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम दार-खिडक्या उघडाव्यात, त्या व्यक्तीस मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न करता रुग्णालयात न्यावे. वाचविणाऱ्यानेही आत रेंगाळू नये.

दुसरा धोका वाफेचा. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा व्यापते. बंबाचे झाकण सैल असते ते याच कारणासाठी. धूळ पडू नये म्हणून झाकणावर दगड ठेवणे, ते तारेने आवळणे अथवा वाफेच्या छिद्रात चिंधी कोंबणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. विजेच्या गीझरलाही हाच नियम लागू आहे. वीस अंशांचे पाणी साठ अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्का वाढते. म्हणजे पंचवीस लिटरच्या टाकीत पाव लिटरहून अधिक पाण्याला जागा हवी असते. सुरक्षा-झडपेतून तापताना थोडे थेंब पडतात ते यामुळेच. ती झडप बिघडली असे समजून तिचे तोंड बुचाने बंद करणे म्हणजे टाकी फुटण्याची तजवीज करणे होय. मात्र पाणी थंड असतानाही झडप सतत गळत असेल तर ती बदलून घ्यावी.

तिसरा धोका विजेचा. गीझरची जोडणी तीन तारांची असावी व त्यांतील जमिनीची तार, म्हणजे अर्थिंग, खरोखर जमिनीशी जोडलेली असावी. तीस मिलिअँपिअरला वीजप्रवाह तोडणारा आर.सी.सी.बी. हा गळती-संरक्षक स्विच बसविला तर माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर ‘थोडासाच करंट येतो’ म्हणून दुर्लक्ष करू नये. मुख्य बटण बंद करून दोष दूर होईपर्यंत साधन वापरू नये. बुडविण्याचा रॉड पाण्यात ठेवल्यानंतरच बटण चालू करावे आणि बटण बंद करून पिन काढल्यानंतरच पाण्याला स्पर्श करावा. रॉडसाठी लोखंडी अथवा पितळी बादली घेऊ नये.

चौथा धोका भाजण्याचा. साठ अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजू शकते. लहान मुलांची कातडी तर त्याहून लवकर भाजते. घंगाळात अथवा बादलीत नेहमी आधी थंड पाणी घ्यावे व मग त्यात गरम पाणी मिसळावे.

दुसरी पायरी : मोजमाप

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. वीस लिटर पाणी अठरा अंशांपासून अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत तापवावयाचे असेल तर 20 × 30 = 600 किलोकॅलरी उष्णता हवी. वाळलेल्या एक किलो लाकडातून ढोबळमानाने चार हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. समजा, या वीस लिटरसाठी एखाद्या घरी दीड किलो लाकूड लागते. त्यातून 6,000 किलोकॅलरी उष्णता निघाली व पाण्याला फक्त 600 मिळाली. म्हणजे दहा भागांपैकी नऊ भाग उष्णता धुरात व हवेत गेली. हे लाकूड डोक्यावरून वाहून आणणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने पाहिले तर या हिशेबाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

विजेचा हिशेबही असाच मांडता येतो. विजेच्या एका युनिटपासून 860 किलोकॅलरी उष्णता मिळते. पंचवीस लिटर पाणी तीस अंशांनी तापविण्यास 750 किलोकॅलरी, म्हणजे सुमारे 0.87 युनिट वीज लागते. दोन किलोवॉटच्या गीझरला त्यासाठी सुमारे सव्वीस मिनिटे पुरतात. वेळ याहून पुष्कळ अधिक लागत असेल तरच दोष शोधावा. तथापि गीझर उघडण्यापूर्वी विजेचा दाब किती आहे ते पाहावे. ग्रामीण भागात सकाळच्या वेळी दाब बराच उतरतो आणि तापकाची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दाब 230 ऐवजी 184 व्होल्ट झाला, म्हणजे एक पंचमांशाने उतरला, तर शक्ती शंभरावरून चौसष्टावर येते आणि सव्वीस मिनिटांच्या जागी एक्केचाळीस मिनिटे लागतात. येथे गीझर निर्दोष असतो. त्याचे सुटे भाग बदलून काहीही साधत नाही.

नव्या अथवा नुकत्याच साफ केलेल्या साधनाला किती वेळ व किती इंधन लागले याची नोंद भिंतीवरील दिनदर्शिकेवर करून ठेवावी. पुढे दोष केव्हा सुरू झाला, हे त्या नोंदीवरून समजते.

तिसरी पायरी : उष्णतेचा मार्ग

(अ) बंब. बंबाच्या मध्यभागी उभी नळी असते. तिच्यात विस्तव असतो व तिच्याभोवती पाणी. खालून जाळीवाटे हवा येते आणि वरून धूर जातो. भांड्यासाठी तांबे वापरण्याचे कारण त्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ती हे आहे. याच बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथे देशातील एक प्रमुख तांब्याची खाण असून 1982 पासून हिंदुस्तान कॉपर लिमिटेडमार्फत तेथे उत्खनन चालू आहे. परंतु तांब्यावर क्षाराचे पुट चढले की त्या धातूचा हा गुण फुकट जातो.

धूर वर न जाता खालच्या दारातून बाहेर येत असेल तर दोष हवेच्या मार्गात आहे असे समजावे. पेटता कागद जाळीखाली धरावा. ज्योत आत ओढली गेली तर मार्ग मोकळा आहे. ती सरळ राहिली अथवा बाहेर आली तर जाळीखाली राख साचली आहे किंवा नळीत काजळी धरली आहे. बंब थंड असताना लांब दांड्याच्या कुंच्याने नळी घासावी. मार्ग मोकळा असूनही धूर होत असेल तर लाकूड ओले आहे. लाकडातील एक किलो पाण्याची वाफ होऊन जाण्यात सहाशेहून अधिक किलोकॅलरी उष्णता खर्च होते. वर सांगितलेल्या वीस लिटर स्नानाच्या पाण्याला जेवढी उष्णता लागते, जवळजवळ तेवढीच ही होय. पावसाळ्यापूर्वी सरपण आडोशाला रचणे हा म्हणूनच बंबाच्या दुरुस्तीचाच एक भाग आहे.

विस्तव चांगला पेटूनही पाणी उशिरा तापत असेल तर दोष पाण्याच्या बाजूस आहे. विहिरीच्या अथवा विंधन विहिरीच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापले की त्यांतून कार्बोनेट तयार होऊन ते नळीवर पांढऱ्या पुटाच्या रूपाने बसते. हे पुट तांब्याच्या मानाने शंभर पटींहून अधिक उष्णतारोधक असते. पाण्याला साबणाचा फेस न येणे, गरम पाण्यात पांढरे कपटे दिसणे आणि बंब तापताना आतून तडतड आवाज येणे या त्याच्या खुणा आहेत. उपायासाठी दर लिटर कोमट पाण्यात तीस ते पन्नास ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून ते बंबात भरावे. बुडबुडे येऊ लागतील. ते थांबले की पाणी ओतून टाकावे व बंब दोन-तीन वेळा स्वच्छ धुवावा. हे द्रावण रात्रभर आत ठेवू नये. संडास साफ करण्याचे तीव्र आम्ल तर मुळीच वापरू नये. ते कल्हई, डाख व तोटी यांना खाऊन टाकते आणि त्याची वाफ डोळ्यांना व छातीला अपायकारक असते.

बंब गळतो असे वाटल्यास एक सावधगिरी बाळगावी. थंड पाण्याने भरलेला बंब पेटविला की धुरातील बाष्प नळीच्या थंड पृष्ठभागावर निवते व थेंब विस्तवात पडून चरचरतात. नळी तापली की हे आपोआप थांबते. ती गळती नव्हे. खात्री करण्यासाठी विस्तव न पेटविता बंब भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवावा. सकाळी कागद ओला असेल तरच डाख उकलला आहे असे समजून कारागिराकडे जावे.

बंबातील पाणी तोटीच्या खाली गेले असता विस्तव चालू ठेवू नये. कल्हईसाठी वापरले जाणारे कथील 232 अंशांना वितळते. पाणी असेतोवर भांड्याचे तापमान शंभर अंशांच्या आसपास राहते. पाणी सरताच ते झपाट्याने वर जाते आणि कल्हई व सांधे दोन्ही बिघडतात. बंबाच्या पाण्याला हिरवट झाक दिसू लागली तर कल्हई झिजली आहे. ते पाणी पिण्यास अथवा स्वयंपाकास घेऊ नये व कल्हई करवून घ्यावी.

(आ) सौर तापक. बहुतेक घरगुती सौर तापकांत पंप नसतो. तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत जाते आणि थंड पाणी खाली तापक-पट्टात उतरते. हे अभिसरण चालू आहे की नाही, हे साध्या पट्टीच्या तापकात दुपारी बाराच्या सुमारास दोन्ही नळांना जपून हात लावून कळते. वरचा नळ गरम व खालचा थंड असेल तर अभिसरण ठीक आहे. वरचा नळ अतिशय तापला असून टाकी मात्र थंडच असेल तर नळात हवा अडकली आहे किंवा क्षार साचला आहे. नळ मध्येच वर उचलून पुन्हा खाली आला असेल तर त्या उंचवट्यात हवा साठते. तो सतत चढता असावयास हवा. दोन्ही नळ थंड असतील तर पट्टावर झाडाची सावली अथवा धूळ आहे काय ते पाहावे. संध्याकाळी गरम असलेले पाणी पहाटेपर्यंत थंड होत असेल आणि वापर झालेला नसेल, तर टाकीचे आवरण भिजले आहे किंवा टाकीचा तळ पट्टाच्या वरच्या कडेपेक्षा पुरेसा उंच नाही. ही उंची सुमारे एक फूट असावी. अन्यथा रात्री पाणी उलट दिशेने फिरू लागते.

बालाघाट सुमारे 22 अक्षांशावर आहे. हिवाळ्यात अधिक ऊन मिळावे म्हणून पट्टाचे तोंड दक्षिणेस व उतार 32 ते 37 अंशांचा ठेवणे इष्ट ठरते. काचनळ्यांचा तापक रिकामा राहून उन्हात तापला असेल तर त्यात भर दुपारी थंड पाणी सोडू नये, काच तडकते. पहाटे अथवा सूर्यास्तानंतर तो भरावा.

(इ) विजेचा गीझर. दाब योग्य असूनही पाणी उशिरा तापत असेल तर तापक-कांबीवर क्षार बसला आहे असे समजावे. पाणी मुळीच तापत नसेल तर प्रथम वितळतार व बटण, नंतर थर्मोस्टॅट व शेवटी कांब हा तपासणीचा क्रम ठेवावा. पाणी उकळेपर्यंत गीझर बंद होत नसेल तर थर्मोस्टॅट चिकटला आहे. असे साधन तत्काळ बंद करावे. आतील सर्व काम परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

शाळा व वसतिगृहे

आश्रमशाळा व वसतिगृहे यांतून एकाच साधनावर अनेक मुलांचे स्नान अवलंबून असते. तेथील एका दोषाची किंमत अनेकांना मोजावी लागते. म्हणून अशा संस्थांनी एक लहानशी नोंदवही ठेवावी. तीत दर आठवड्यास काजळी, झाकण व झडप, अर्थिंग आणि न्हाणीघराचे वायुवीजन या चार गोष्टी पाहिल्याची नोंद असावी, आणि दर महिन्यास पाणी तापण्यास लागलेला वेळ लिहिला जावा. भेटीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी इतर दप्तराबरोबर ही वहीही पाहावी.

शिक्षकांना यात विज्ञानाचा एक उत्तम पाठ सापडेल. दोन सारख्या डब्यांपैकी एकाला बाहेरून काजळी व आतून क्षाराचे पुट असू द्यावे व दुसरा स्वच्छ असावा. दोन्हींत सारखे पाणी घेऊन सारख्या ज्योतीवर ते शिक्षकांच्या देखरेखीखाली ठेवावे आणि दर दोन मिनिटांनी मुलांकडून तापमान लिहवून घ्यावे. वहन, अभिसरण व ज्वलन हे शब्द मग पुस्तकापुरते राहणार नाहीत. ते घरी जाऊन बंबाच्या नळीत डोकावतील, झाकणावरचा दगड काढावयास सांगतील आणि न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवतील. थंडीच्या दिवसांत एखाद्या घरचा जीव वाचविण्यास एवढेही पुरेसे ठरू शकते.